मनसुबा : मांडलेल्या पटाची गोष्ट

'मनसुबा' हा शब्द आज आपण 'बेत' या अर्थाने वापरतो. मनसुबे रचले जातात आणि बहुधा ते धुळीलाही मिळतात. मराठी कानाला त्या शब्दात 'मन' ऐकू येते, आणि मनाशी योजलेला तो मनसुबा अशी सोयीस्कर व्युत्पत्ती कुणी सांगितली तर ती सहज पटूनही जाते. पण आपल्या 'मन'शी या शब्दाचे काही नाते नाही. 'मन्सूबा' हा अरबी शब्द आहे. उभे करणे, रोवणे, मांडणे या अर्थाच्या धातूपासून तो झाला, आणि बुद्धिबळाच्या ग्रंथांत त्याला एक नेमका पारिभाषिक अर्थ होता : पटावर मुद्दाम मांडून ठेवलेली स्थिती. डाव पहिल्या खेळीपासून सुरू करायचा नाही. एवढी मोहरी, अमुक घरांत, खेळी पांढऱ्याची. इथून पुढे जिंकून दाखव. हा शब्द फारसीत योजना, युक्ती या अर्थी रुळला आणि त्या वाटेने आपल्याकडे आला. शह, काटशह, मात, प्यादे या शब्दांबरोबर पटावरून उठून संसारात आलेला हा आणखी एक शब्द आहे. फक्त त्याचे कूळ आपण विसरून गेलो.

हे आठवण्याचे कारण असे की, आपल्या मनाप्रमाणे पट मांडून तिथून पुढे सराव करता येईल अशी एखादी आज्ञावली कोणती, हा प्रश्न हल्ली बुद्धिबळ शिकणारी मुले आणि त्यांचे पालक वारंवार विचारतात. प्रश्न संगणकाच्या बाजारातला वाटतो. त्यातला संगणक काढून टाकला तर उरलेला प्रश्न सुमारे बाराशे वर्षांचा आहे.

नवव्या शतकात बगदादच्या खलिफांच्या दरबारी अल्-अद्ली नावाचा खेळाडू होता. त्याने शतरंजावर ग्रंथ लिहिला. मूळ ग्रंथ हरवला, पण त्यातले मनसुबे पुढच्या संग्रहांत उतरले आणि टिकले. त्यानंतर आला अस्-सूली. हा माणूस साहित्याच्या विद्यार्थ्याला विशेष जवळचा वाटावा असा आहे. तो कवींची चरित्रे लिहिणारा, अबू तम्मामसारख्या कवीच्या आठवणी जमवणारा, खलिफांच्या दरबाराचा इतिहास नोंदवणारा विद्वान. आणि त्याच वेळी त्या काळचा अजिंक्य बुद्धिबळपटू. त्याने एक मनसुबा मांडून ठेवला. पटावर दोन राजे आणि दोन्हीकडचा एकेक वजीर, एवढीच मोहरी. त्या काळचा वजीर तिरपे एकच घर चालणारा, अगदी दुबळा. हा मनसुबा आपण शिकवलेल्या माणसाखेरीज कुणाला सुटणार नाही, असा सूलीचा दावा होता. दावा जवळजवळ हजार वर्षे टिकला. सोव्हिएत ग्रँडमास्टर आणि एंडगेमचे भाष्यकार युरी आवेर्बाख यांनी १९८० च्या दशकात त्याची उकल प्रसिद्ध केली.

शतरंजात मनसुब्यांना इतके महत्त्व का आले, याचे कारण खेळाच्या संथपणात आहे. मोहरी मंदगती, प्यादे एकेक घर सरकणारे. दोन्ही सैन्ये एकमेकांना भिडेपर्यंत दहा-पंधरा खेळ्या सहज जात. म्हणून खेळाडूंनी ठरावीक व्यूह बसवले होते. त्यांना 'ताबिया' म्हणत, आणि आजही ग्रँडमास्टर मंडळी सुरुवातीच्या परिचित स्थितींना तोच शब्द वापरतात. म्हणजे डावाचा आरंभ हाच अभ्यासाचा आरंभ असला पाहिजे, हा आग्रह जुन्या गुरूंना नव्हता. त्यांना जिथे खरा पेच आहे तिथून सुरुवात हवी होती.

आपल्याकडच्या समस्यापूर्तीशी याचे साम्य लक्षात येईल. राजसभेत शेवटचा चरण द्यायचा आणि कवीने मागचे तीन रचायचे. तिथेही बंधन आधी, प्रतिभा नंतर. मात्र एक फरक आहे आणि तो महत्त्वाचा आहे. समस्यापूर्ती बरी की वाईट हे सभा ठरवते. मनसुब्याचे उत्तर बरोबर की चूक हे समोरचा ठरवतो. जो शेवटपर्यंत विरोध करतो, तो. ग्रंथातल्या मनसुब्यात हा समोरचा कोण? स्वतः ग्रंथकर्ताच. त्याने काळ्याच्या ज्या खेळ्या छापल्या त्याच वाचकाने गृहीत धरायच्या. 'काळ्याने दुसरेच काही केले तर?' या वाचकाच्या प्रश्नाला पुस्तक उत्तर देत नाही. मांडलेल्या पटाचा पुढचा सगळा इतिहास हा त्या रिकाम्या खुर्चीवर कुणाला बसवायचे, याचाच इतिहास आहे असे मला वाटते.

युरोपात हा वारसा पोचला तेव्हा खेळाचे नियम बदलत होते. १४९७ मध्ये सालामांका येथे छापलेल्या लुसेनाच्या पुस्तकात दीडशे मनसुबे आहेत. काही जुन्या नियमांचे, काही नव्या, लांब पल्ल्याच्या वजिराचे. आज प्रत्येक विद्यार्थ्याला हत्ती आणि प्याद्याच्या शेवटातली 'लुसेना स्थिती' घोकून घ्यावी लागते. गंमत अशी की ती लुसेनाच्या पुस्तकात नाहीच. ती आढळते ती साल्व्हिओच्या १६३४ च्या ग्रंथात. बुद्धिबळाच्या इतिहासात श्रेय असे एकाचे दुसऱ्याला पुष्कळदा गेले आहे. फिलिदोरचे तसे झाले नाही. हत्तीच्या एंडगेममध्ये बचाव कसा करावा हे त्याने आपल्या ग्रंथाच्या १७७७ च्या आवृत्तीत दाखवले आणि ती स्थिती रास्तपणे त्याच्याच नावाने ओळखली जाते.

मुंबईही या इतिहासात आहे. १८१४ साली इथे एक इंग्रजी पुस्तक छापले गेले. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या 'विलासमणिमंजरी' या संस्कृत ग्रंथाचा तो अनुवाद. बुद्धिबळावरचे हे निबंध युरोपीय पद्धतीच्या खेळाला जुळवून घेतले आहेत, त्यांत मुख्यतः डावातल्या पेचाच्या स्थिती आहेत आणि त्या शिकणाऱ्याला सुधारण्यासाठी व स्मरणशक्तीला व्यायाम म्हणून योजल्या आहेत, हे सारे लांबलचक मुखपृष्ठावरच सांगून टाकलेले. पेशवाईच्या अस्ताला चार वर्षे असताना मुंबईत एक शास्त्री देशी मनसुबे परक्या नियमांत बसवतो आहे, हे चित्र मला फार बोलके वाटते. मराठी गद्याचे छापील युग अजून नीट उजाडायचे होते. पट मात्र आधीच भाषांतरित झाला होता.

यंत्र या गोष्टीत येते ते प्रथम लबाडीच्या रूपाने. केम्पेलेनचा 'तुर्क' १७७० मध्ये व्हिएन्नाच्या दरबारात अवतरला. पेटीत दडलेला माणूस आणि वर फेटा बांधलेला पुतळा. पुढे तो मेल्त्सेलच्या हाती आला आणि १८२६ मध्ये न्यूयॉर्कला पोचला, तेव्हा आरंभी तो पूर्ण डाव खेळतच नसे. फक्त शेवटाच्या मांडलेल्या स्थिती खेळे. प्रतिस्पर्ध्याने हवी ती बाजू घ्यावी, पहिली खेळी मात्र तुर्काची. स्थिती अशा निवडलेल्या की जो आधी खेळेल तो जिंकेल! आत बसणारा माणूस फारसा तयार नसला तरी अब्रू राहावी, हा त्यातला मनसुबा; शब्दाच्या दोन्ही अर्थांनी.

खरे यंत्र आले स्पेनमधून. लिओनार्दो तोरेस केवेदो या अभियंत्याने १९१२ मध्ये तयार केलेले 'एल अहेद्रेसिस्ता' हे यंत्र १९१४ मध्ये पॅरिसला दाखवले गेले. ते एकच एंडगेम खेळे. पांढरा राजा आणि हत्ती यंत्राकडे, एकटा काळा राजा माणसाकडे. आत कुणी दडलेला नाही. विद्युत्-संपर्क आणि चुंबक यांच्या बळावर ते खेळी ठरवी आणि मात केल्याशिवाय सोडत नसे. माणसाने नियमबाह्य खेळी केली तर दिवा लागे. तिसऱ्यांदा केली तर यंत्र खेळायचेच थांबे. हा करारीपणा मला फार आवडतो. त्याची मात सर्वांत जवळच्या वाटेने होत नसे आणि काही वेळा पन्नास खेळ्यांची मर्यादाही ओलांडली जाई. तरीही हे लक्षात घेतले पाहिजे की माणसाविरुद्ध खरोखर खेळलेले पहिले यंत्र पूर्ण बुद्धिबळ खेळले नाही. ते मांडलेल्या पटापासून खेळले. शिकणाऱ्याच्या दृष्टीने त्यात खोट एवढीच की बाजू उलट्या होत्या. मात करायला शिकायचे असते विद्यार्थ्याने, आणि इथे विद्यार्थी मार खाणार.

पहिल्या संगणकांनाही हेच करावे लागले. १९५१ च्या नोव्हेंबरमध्ये मँचेस्टरच्या फेरांटी संगणकासाठी डीट्रिख प्रिन्झ यांनी लिहिलेली आज्ञावली पूर्ण डाव खेळू शकत नव्हती. तिला स्थिती द्यायची आणि तिने दोन खेळ्यांत मात शोधायची. राजाचे कोटबंद होणे नाही, प्याद्याची बढती नाही, आणि उत्तराला पंधरा मिनिटे. अल्-अद्लीच्या वहीतली पद्धत थेट विजेवर चालू लागली होती.

पण यंत्राला पट सांगायचा कसा? इथे एका विस्मृत पत्रकाराचा उल्लेख केला पाहिजे. डेव्हिड फोर्साइथ या स्कॉटिश गृहस्थाने १८८३ मध्ये ग्लासगोच्या एका साप्ताहिकात पट एका ओळीत लिहिण्याची रीत प्रसिद्ध केली. वरच्या रांगेपासून खाली यायचे, प्रत्येक मोहऱ्याचे आद्याक्षर लिहायचे, सलग रिकामी घरे किती ते अंकाने सांगायचे, रांग संपली की तिरकी रेघ. पांढऱ्याची अक्षरे मोठी, काळ्याची लहान. रिकामी रांग म्हणजे नुसता ८. पोस्टकार्डावर मनसुबे पाठवणाऱ्यांची केवढी सोय झाली असेल! सुमारे ११० वर्षांनी, १९९० च्या दशकात, स्टीव्हन एडवर्ड्स यांनी या ओळीला शेपूट जोडले : खेळी कुणाची, कोटबंदीचा हक्क उरला आहे का, चालता चालता प्यादे मारण्याची संधी आहे का, शेवटच्या मारामारीनंतर अथवा प्याद्याच्या हालचालीनंतर किती खेळ्या झाल्या, आणि डावातली कितवी खेळी. ही झाली आजची 'एफईएन' लिपी. कोणतीही आज्ञावली निवडताना मी पहिला प्रश्न हाच विचारावा असे म्हणेन की, ती ही ओळ घेते का आणि परत देते का. घेत असेल तर तुमचा पट त्या आज्ञावलीचा कैदी होत नाही. आज इथे मांडला, उद्या दुसरीकडे नेला. दुसरी मोठी सोय २००० मध्ये झाली. 'यूसीआय' नावाचा संवादाचा करार आला आणि पट दाखवणारी आज्ञावली व विचार करणारे इंजिन यांची फारकत करणे सोपे झाले. अरीनासारखा फुकट पट घ्यावा, त्यात स्टॉकफिशसारखे तेवढेच फुकट इंजिन बसवावे. १९९१ पासून हॅम्बुर्गहून येणारी 'फ्रिट्झ' ही विकतची आज्ञावली ज्यांना परवडत नव्हती, त्यांच्यासाठी हे मोकळे दार होते.

आता खुर्चीवर कोण बसले ते पाहू. १९७० च्या दशकाच्या अखेरीस केन थॉम्प्सन यांनी वजीर विरुद्ध हत्ती या एंडगेमचा संपूर्ण कोश केला. पद्धत साधी आणि भयंकर. मातेच्या सगळ्या स्थितींपासून उलटे मागे यायचे आणि प्रत्येक स्थितीपुढे निकाल लिहून ठेवायचा. मग विचार करायला काही उरतच नाही, फक्त पाहायचे. अमेरिकन विजेता ग्रँडमास्टर वॉल्टर ब्राउन याने पैज घेतली की वजिराच्या बाजूने मी जिंकेन. पुस्तके हे काम सोपे म्हणत आली होती. स्थिती एकतीस खेळ्यांत जिंकण्याजोगी होती. यंत्राने हत्ती राजाजवळ ठेवण्याऐवजी दूर नेला, जे कोणत्याही पुस्तकातला काळा करत नसे, आणि पन्नास खेळ्यांत ब्राउनला जिंकता आले नाही. काही आठवडे अभ्यास करून तो पुन्हा बसला आणि बरोबर पन्नासाव्या खेळीला त्याने हत्ती टिपला. ग्रंथकर्त्याने छापलेला सोयीचा काळा इथे संपला. १९८३ मध्ये थॉम्प्सन यांच्याच कोशाने आणखी एक जुना निकाल उलटवला. दोन उंट विरुद्ध एक घोडा हा डाव बरोबरीत सुटतो, असे क्लिंग आणि होर्विट्झ यांच्या १८५१ च्या ग्रंथापासून मानले जात होते. तो सर्वसाधारणपणे जिंकता येतो, पण कधी कधी ६६ खेळ्या लागतात. अशा शोधांमुळे काही एंडगेमपुरती पन्नास खेळ्यांची मर्यादा वाढवण्यात आली आणि १९९२ मध्ये पुन्हा सरसकट पन्नासावर आणली गेली. सत्य सापडले, ते माणसांच्या स्पर्धेत बसेना.

पुढचे आकडे थोडक्यात. २०१२ मध्ये मॉस्कोच्या लोमोनोसोव्ह विद्यापीठातल्या महासंगणकावर सात मोहऱ्यांपर्यंतच्या सगळ्या स्थिती सुटल्या. २०१८ मध्ये 'सिझिजी' या आटोपशीर स्वरूपात त्यांनी सुमारे सतरा टेराबाइट जागा घेतली. पाच मोहऱ्यांपर्यंतचा कोश मात्र एका गिगाबाइटच्या आत मावतो. तो कुणालाही आपल्या यंत्रावर ठेवता येतो, आणि शिकणाऱ्याला बहुधा तेवढा पुरतो. सूलीचा मनसुबा चारच मोहऱ्यांचा होता, हे जाता जाता आठवावे.

इतके झाल्यावर रिकामी खुर्ची कायमची भरली असे वाटेल. तसे झालेले नाही, आणि नव्याने आज्ञावली घेणाऱ्याला हे कुणी सांगत नाही. समजा, फिलिदोरची बरोबरीची स्थिती मांडून तुम्हाला बचावाचा सराव करायचा आहे. समोर कोश बसवला तर त्याच्या लेखी बरोबरी राखणारी प्रत्येक खेळी सारखीच. सापळा लावणे, चाळीस खेळ्या चिवटपणे फिरत राहणे, तुमच्या कंटाळ्याची वाट पाहणे, यातले काही तो करणार नाही. उलट आपले प्यादे सहज देऊन मोकळा होईल, कारण निकाल बदलत नाही. तुमची परीक्षा झालीच नाही. हरलेल्या स्थितीत तो मात लांबवणारी खेळी करील. पण सर्वांत लांबची वाट ही माणसाला सर्वांत कठीण वाट असतेच असे नाही. ब्राउनच्या नशिबी ती तशी आली, एवढेच. सर्वज्ञ माणसाशी वाद घालून वक्तृत्व येत नाही, तसे हे आहे. बरे, इंजिनाची पातळी उतरवावी तर ते दहा उत्तम खेळ्या करून अकरावीला मोहरे फुकट देते. असा मूर्खपणा माणूस करत नाही. माणसाचा मूर्खपणा निराळा, सुसंगत असतो.

सोव्हिएत प्रशिक्षक मार्क द्वोरेत्स्की यांनी यावर जुनाच उपाय टिकवला होता. त्यांच्याकडे निवडक स्थितींच्या कार्डांचा मोठा संग्रह असे. विद्यार्थ्यापुढे पट मांडायचा, घड्याळ लावायचे आणि स्थिती प्रत्यक्ष खेळून काढायची. समोर कधी दुसरा विद्यार्थी, कधी स्वतः गुरू. २०१६ मध्ये ते वारले. त्यांची कार्डे पुस्तकांत उतरली, आणि समोर बसणारा माणूस पुस्तकात उतरत नाही ही अडचण पुन्हा पहिल्या जागी आली. पुण्या-मुंबईत तो माणूस भेटतो, नागपुरात भेटतो. तालुक्याच्या गावी शाळेत पहिल्या आलेल्या मुलीला तो भेटत नाही. तिच्यासाठी आज्ञावली ही चैन नाही.

२०२० मध्ये टोरोंटो, कॉर्नेल आणि मायक्रोसॉफ्ट येथील संशोधकांनी 'माया' नावाचे इंजिन पुढे आणले. ते उत्तम खेळी शोधत नाही. अमुक दर्जाचा माणूस इथे काय खेळेल याचा अंदाज करते. लिचेसवर माणसांनी खेळलेल्या लक्षावधी डावांवरून ते घडवले आहे. बाराशे वर्षांत प्रथमच कुणी खुर्चीवर जाणूनबुजून चुकणाऱ्या माणसाची प्रतिमा बसवली. एंडगेममध्ये ते फार भरवशाचे नाही, आणि त्याचे दर्जेही मर्यादित आहेत. पण दिशा मला योग्य वाटते.

विचारणाऱ्याला उत्तर द्यायचेच तर असे देईन. लिचेसच्या पट-संपादकात हवी ती मोहरी ठेवावीत आणि तिथूनच यंत्राशी पुढे खेळावे. पैसे लागत नाहीत, पातळ्या आठ आहेत. महाजाल अखंड मिळत नसेल तर 'लुकास चेस' ही फुकट आज्ञावली उतरवून घ्यावी. सराव हेच तिचे मुख्य काम आहे. बचाव शिकताना कोश बंद ठेवावा, मात करायला शिकताना चालू. आणि उंट व घोडा यांनी एकट्या राजाला मात करणे हा एक मनसुबा तरी पन्नास खेळ्यांत जमेपर्यंत सोडू नये. २०१३ मध्ये जिनिव्हाच्या स्पर्धेत ओल्गा गिर्याविरुद्ध आन्ना उशेनिना हिला तो जमला नाही आणि डाव बरोबरीत सुटला. उशेनिना तेव्हा महिला विश्वविजेती होती.

एक गोष्ट मात्र या सगळ्या आज्ञावलींत करता येत नाही. आपल्या जुन्या खेळात नुसती मात पुरत नसे; प्याद्याने केलेली मात, प्यादेमात, अधिक मानाची. देशी मनसुब्यांत अमुक प्याद्यानेच मात कर अशी अट असे. स्टॉकफिशला अशी अट सांगायला जागाच नाही; एफईएनच्या सहा रकान्यांतही ती बसत नाही. सूलीच्या दुबळ्या वजिरासाठी 'फेअरी-स्टॉकफिश' हे निराळे इंजिन आहे, त्याला शतरंज येते. प्यादेमातीचा पट मांडायचा तर समोर अजूनही माणूसच लागतो.